आईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू आहे. २५ पैकी ११ शेक झाले. दिवसातून सहा-सात जुलाब होतात. काय खायला द्यावं? ताक चालेल का?

सहा-सात हा आकडा तुम्ही मोजलात की आईनं सांगितला? आईनं सांगितला असेल तर त्यात तीन-चार मिळवा. मी दिवसाला अकरा वेळा जात होते आणि घरात विचारलं की "दोन-तीनदा" म्हणत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं शिकवणारी बाई आहे मी, मोजता येत नव्हतं असं नाही. ताकाचं शेवटी सांगते. आधी हे वाचा.

माझाही आजार हाच. २०२३ साली, सोमवार ते शुक्रवार रोज एक असे २५ शेक, आठवड्याला एक केमो आणि सगळ्यात शेवटी ब्रॅकी, म्हणजे आतून दिला जाणारा शेक. मिस्टरांची नोकरी पुण्याला, म्हणून मी माहेरी तुळजापूरला राहिले आणि तिथून रोज सोलापूरला एसटीनं जाऊन-येऊन उपचार घेतले. पंचेचाळीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. महात्मा फुले योजनेत बसल्यामुळे उपचाराचा पैसा लागला नाही. बायकांना अर्धं तिकीट त्याच मार्चमध्ये सुरू झालं होतं. थोरला भाऊ रोज सोबत यायचा. गोठ्यातलं काम पहाटे चारला उरकून, अंघोळ करून, सातला स्टँडवर माझी पिशवी धरून उभा. हे आधी सांगते, कारण पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्याला नावं ठेवू नयेत.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. तुमच्या आईला अकराव्याला सुरू झालं, मला बाराव्याला. बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सुरू होतं. आतड्याचं आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं. शेक त्या नव्या पेशी तयार होऊ देत नाही, जुन्या झडत राहतात, आणि अस्तर उघडं पडतं. मग पाणी शोषलं जात नाही. दूध पचवणारं लॅक्टेज याच अस्तरात असतं, तेही कमी होतं. हे मला नंतर तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तोवर दादाच्या हिशेबानं शेक म्हणजे उष्णता, आत भाजतंय, आणि भाजल्यावर दूध-तुपासारखं दुसरं काही नाही. सकाळी म्हशीच्या दुधाचा तांब्या, रात्री पुन्हा तांब्या, वर चमचाभर तूप. समोर बसून प्यायला लावायचा. मी प्यायचे. जितकं प्यावं तितकं पोट गुरगुरायचं, तितकी मी वाळत होते, आणि जितकी वाळत होते तितकं तो दूध वाढवत होता.

एसटीत कळ येऊ नये म्हणून मी काय केलं, तर खाणं बंद. सकाळचा चहा बंद, पाणी बंद. सोलापुरात पोचल्यावर मशीनवर घ्यायच्या आधी लघवी करून अर्धा लिटर पाणी पिऊन पाऊण तास थांबायला लावतात. मूत्राशय भरलं की लहान आतडं वर सरकतं आणि शेकाच्या वाटेतून बाजूला राहतं. दिवसभरात पोटात जाणारं पाणी जवळजवळ तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार होता. तुळजापूरच्या गाडीला मंगळवारी देवीच्या दर्शनाची गर्दी असते. उभ्यानं माणसं, मधल्या वाटेत टोपल्या. आम्हाला जागा मिळाली ती मधल्या रांगेत, खिडकीकडे, म्हणजे दारापर्यंत जायला बारा-पंधरा माणसं ओलांडायची. तामलवाडीचा टोलनाका गेला आणि कळ आली. घाम फुटला, हाताची बोटं गार पडली. दादानं विचारलं, "काय होतंय?" मी म्हणाले, "उलटी येतेय." त्या घटकेलाही मी उलटीच म्हणाले. सख्ख्या भावाला, भरल्या गाडीत, दुसरा शब्द तोंडातून निघाला नाही. त्यानं ओरडून कंडक्टरला सांगितलं, दोनदा बेल झाली, गाडी थांबली.

माझ्यामागोमाग एक बाई उतरली. साठीची असेल, हातात परडी, कपाळभर मळवट. तिनं काही विचारलं नाही. रस्त्याच्या खाली बाभळीपाशी मला नेलं, परडी दगडावर ठेवली, पदर सोडून दोन्ही हातांनी पसरला आणि गाडीकडे तोंड करून उभी राहिली. झाल्यावर स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. परत चढताना दादा दारात उभा होता. "झाली का उलटी?" "झाली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची आठवड्याची तपासणी होती. त्यांनी विचारलं, "काही त्रास?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "काल एकदा उलटी झाली साहेब, बाकी सगळं व्यवस्थित. खाणं-पिणं चांगलं आहे, दूध घेते." डॉक्टरांनी उलटीची गोळी लिहून दिली. मी मान हलवली. गुन्हा माझाच आहे, दादाचा नाही. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं सांगितलं.

ते बाहेर आलं शुक्रवारी, मशीनवर. शेक सुरू करण्याआधी तिथली टेक्निशियन पोटाची प्रतिमा घेते. ती मुलगी आत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आतड्यात गॅस फार आहे, जागा हलतेय. संडासला जाऊन या, मग घेऊ." मला तिथेच रडू फुटलं. तिनं दार लोटलं आणि सरळ विचारलं, "दिवसात किती वेळा जाता?" मी म्हणाले, "अकरा." पहिल्यांदा खरा आकडा सांगितला तो बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला.

पुढचं भराभर झालं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, रक्त काढलं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन ०.८ असायचं, ते १.७ निघालं. त्या आठवड्याची केमो रद्द. दोन दिवस सलाईन, दोन शेक चुकले. डॉक्टर रागावले नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. माझ्या केमोतलं सिसप्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणतं, आणि सुकलेल्या शरीरात ते गेलं असतं तर मूत्रपिंडाला मोठा फटका बसला असता. शिवाय या आजारात शेक आणि ब्रॅकी मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवायचा असतो. मधे खंड पडत गेला की उपचाराचा जोर कमी होतो. माझा ५२ दिवसांत संपला. जेमतेम बसला, आणि ती जेमतेम वेळ माझ्या गप्प बसण्यानं आली होती.

म्हणून काय खायला द्यावं याच्या आधी आईला वही द्या. मी शाळेतली हजेरीची वही घेतली. तारीख, वेळ, पातळ की पाण्यासारखं, आव पडली का, रक्त दिसलं का, लघवी किती वेळा. पोटात कळ आणि कुंथावंसं वाटणं हेही लिहायचं. तपासणीच्या दिवशी वही उघडून टेबलावर ठेवली की बोलावं लागत नाही. आणि तुम्ही मुलगा असाल तर विचारण्याचं काम बायकोवर, बहिणीवर, मावशीवर सोपवा. माझी वहिनी घरातच होती. तिनं एकदा जरी माजघरात नेऊन विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिलाही वाटलं, दादा रोज बरोबर जातो म्हणजे त्याला सगळं ठाऊक असणार.

आता खाण्याचं. मला ज्यानं फरक पडला ते सांगते. दूध पूर्ण बंद, दुधाचा चहाही बंद. शेंगाचटणी, काळा मसाला, तळलेलं बंद, आणि सोलापूरकडच्या माणसाला हे अवघड जातं. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, तांदळाची पेज मीठ घालून, पिकलेलं केळं, अंडं उकडून. दोन-दोन तासांनी वाटीभर, ताटभर एकदम नाही. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण लिटरातच घालायची. अर्ध्या पाण्यात घालून दाट केली तर त्रास वाढतो. दिवसभर घोट घोट प्यायची, चोवीस तासांनी उरलेली ओतून टाकायची. नारळपाणी प्या, पण ते ओआरएसच्या जागी चालत नाही. बाटलीतली गोड सरबतं तर नकोच. गोळी मला लोपरामाइडची दिली होती, आधी दोन आणि मग प्रत्येक पातळ संडासनंतर एक, दिवसात आठच्या वर नाही. एसटीत बसण्याआधी घ्यायला त्यांनीच सांगितलं. ही गोळी दुकानातून आपल्या मनानं आणू नका. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर आधी डॉक्टर.

खालची जागा सोलवटते, याविषयी कुणी बोलत नाही. साबण नको, कागदानं घासणं नको. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचं, जुन्या मऊ सुती धोतराच्या तुकड्यानं टिपायचं. मलम डॉक्टरांनी सांगितलं तेच, आणि शेकाच्या आधी थर लावून जायचं नाही. प्रवास असेल तर पॅड लावून, पिशवीत एक परकर-साडी आणि दाराजवळची जागा. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. सलाईननंतर मी सांगू लागले, आणि एकाही कंडक्टरनं नाक मुरडलं नाही.

दादाशी माझं अजून पटत नाही. त्याचं म्हणणं, दूध पोटात होतं म्हणून तू पंचवीस शेक निभावलेस. त्याचं दुसरं म्हणणं, मुंबईला गेलो असतो तर हे झालंच नसतं. या दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं याच आजाराची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० बायकांवर शेकाच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या आणि २०२१ साली छापल्या. प्रतिमा बघून नेमका दिला जाणारा आयएमआरटी शेक घेतलेल्यांत तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा जास्त त्रास सुमारे २१ टक्क्यांना झाला, नेहमीच्या पद्धतीत ४२ टक्क्यांना. तुमच्या आईला कोणत्या पद्धतीनं देताहेत ते विचारून घ्या, विचारण्यात काही गैर नाही. पण कोणत्याही मशीनला अकराचे तीन सांगितलेले कळत नाहीत, हे मी दादाला दर राखीपौर्णिमेला सांगते. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचं कौतुक होतं. माझंही झालं, "तोंडातून हूं नाही काढलं" म्हणून. त्या कौतुकानं माझी एक केमो गेली.

दोन-तीन गोष्टी मधे राहिल्या. भाजीपाला, फळं पूर्ण तोडा असं मी म्हणत नाही. मला तेव्हा तसंच सांगितलं होतं, पण लंडनच्या रॉयल मार्सडेनमध्ये १६६ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, तो २०१७ साली छापला, तंतुमय पदार्थ जास्त खाणाऱ्यांना त्रास उलट कमी झाला. त्यामुळे दुधी, दोडका, पडवळ शिजवून द्या आणि इसबगोलाचं डॉक्टरांना विचारा. सगळ्यांना दूध बाधतंच असंही नाही. चार दिवस बंद करून वहीत फरक दिसतो का बघा. आठ तास लघवी झाली नाही, उभं राहिल्यावर चक्कर आली, ताप शंभरच्या वर गेला किंवा रक्त दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. शेक संपल्यावर बहुतेकांचं दोन ते सहा आठवड्यांत आवरतं, माझं पाच आठवड्यांनी आवरलं. पण सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी संडासवाटे रक्त गेलं तर मूळव्याध समजून घरी बसू नका. शेक घेतला होता हे सांगून दाखवा.

ताकाचं विचारलंत. चालतं. विरजताना दुधातली लॅक्टोज नावाची साखर कमी होते, म्हणून ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही बहुधा ताक सोसतं. ताजं, घरचं, झाकून ठेवलेलं हवं. केमोत पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच. शेवटचे दोन आठवडे वहिनी दादानं आणलेलं दूध रात्री विरजायची आणि सकाळी घुसळून, लोणी काढून, पातळ करून, मिठाचा खडा टाकून मला द्यायची. ते पोटात टिकलं.