सर्व्हेलन्स म्हणजे गुपचूप पाळतच का?

तुम्ही शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघता. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून 'सर्व्हेलन्स ऑडिट'चं पत्र आलं, फलकावर लावायला कुणीतरी मोबाईलवरून त्याचं 'पाळत लेखापरीक्षण' करून दिलं, आणि आता गुपचूप आपल्यावर नजर ठेवणार अशी कुजबुज शॉपमध्ये सुरू झाली. शब्दकोशात तर 'पाळत' हाच अर्थ दिलाय, मग खरं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

शब्दकोश खोटं सांगत नाही, पण अर्धंच सांगतो. सर्व्हेलन्सचा गाभा गुप्तपणात नाही, सातत्यात आहे. ठरवून, काही हेतूने, सलग ठेवलेलं लक्ष म्हणजे सर्व्हेलन्स. ते लपून ठेवलंय की उघड, हे आजूबाजूच्या मजकुरावरून ठरतं. लपून आहे हे ठासून सांगायचं असेल तेव्हा इंग्रजीत मुद्दाम आधी 'कोव्हर्ट' लावतात. राजारामपुरीतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात 'यू आर अंडर सीसीटीव्ही सर्व्हेलन्स' अशी पाटी दिसेल. तिथे गिऱ्हाइकाला ते कळावं हाच तर हेतू असतो.

मग संशयाचा वास या शब्दाला आला कुठून? शब्द फ्रेंच. 'सुर' म्हणजे वरून आणि 'व्हेये' म्हणजे जागं राहणं, पहारा करणं. फ्रेंच राज्यक्रांतीत 1793 साली गावोगावी सर्व्हेलन्स समित्या नेमल्या गेल्या. परके आणि संशयित यांच्यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. त्यानंतर लवकरच, 1800 च्या आसपास, इंग्रजीने हा शब्द उचलला. म्हणजे तो पोलिसी छटा घेऊनच आला, यात शंका नाही. पण त्या समित्यासुद्धा गुप्त नव्हत्या, त्या सगळ्या गावाला ठाऊक होत्या.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण न्यायालयातलं आहे. खरक सिंग या माणसाला उत्तर प्रदेशात दरोड्याच्या संशयावरून पकडलं, पुराव्याअभावी सोडलं, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयिताच्या नोंदींची फाइल, उघडून त्याला सर्व्हेलन्सखाली ठेवलं. चौकीदार आणि शिपाई रात्री दार ठोठावायचे, ओरडून झोपेतून उठवायचे. तिथल्या पोलीस नियमावलीत, नियम 236 मध्ये, सर्व्हेलन्सची व्याख्याच दिली होती. सहा कलमं: घरावर आणि घराच्या वाटांवर गुप्त पहारा, रात्री घरी जाऊन तपास, चालचलणुकीची ठरावीक काळाने चौकशी, येण्याजाण्याची खबर, त्या खबरीची पडताळणी, आणि हे सगळं हिस्ट्रीशीटवर नोंदवणं. सहांपैकी 'गुप्त' हा शब्द फक्त पहिल्या कलमात आहे! दार ठोठावून उठवण्यात लपवण्यासारखं काय होतं? सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली रात्रीच्या भेटींचं कलम तेवढं रद्द केलं, बाकीची ठेवली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे ठामपणे मान्य व्हायला 2017 उजाडलं. म्हणून मी आग्रहाने सांगतो, उघड सर्व्हेलन्स म्हणजे निरुपद्रवी सर्व्हेलन्स असं समजू नका. तो त्रास गुप्त नव्हता म्हणून कमी नव्हता.

आता दुसरी बाजू. आरोग्य खात्यातही हाच शब्द आहे, आणि तिथे लक्ष माणसावर नसून आजारावर असतं. पोलिओचं बघा. 15 वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की ती केस कळवायची, मग कारण पोलिओ वाटो वा न वाटो. लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोहोंत किमान 24 तासांचं अंतर ठेवून, आणि थंड डब्यातून प्रयोगशाळेत पाठवायचे. हे सर्व्हेलन्स वर्षानुवर्षं चिकाटीने झालं, म्हणूनच 2014 साली भारत पोलिओमुक्त असल्याचं खात्रीने सांगता आलं. पंचगंगेचा पूर ओसरला की शिरोळ, करवीरच्या गावांत आशाताई घरोघरी कुणाला ताप आहे का विचारत फिरतात, तेही सर्व्हेलन्सच. सरकारी मराठीत त्याला 'सर्वेक्षण' म्हणतात. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही, कारण सर्वेक्षण म्हटलं की सर्व्हे आठवतो, आणि सर्व्हे एकदा करून संपतो. सर्व्हेलन्स चालूच राहतं.

शेअर बाजारात एखादा शेअर 'सर्व्हेलन्स'मध्ये टाकला की त्याची यादी जाहीर होते. विमानं आपली जागा आपणच प्रसारित करतात, त्या पद्धतीच्या नावातही हाच शब्द आहे.

गुप्तपणा ज्यांच्या अर्थातच आहे असे शब्द वेगळे. 'स्पाय' म्हणजे हेर. बहिर्जी नाईकांचं काम ते. पन्हाळ्याला 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, त्याच्या चौक्या मात्र गडावरून उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या, म्हणजे ती हेरगिरी नव्हे, उघड सर्व्हेलन्स. 'स्टेकआउट' म्हणजे एका जागी दबा धरून पोलिसांनी बसणं. 'स्नूप' म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं, यात तुच्छता आहे. आणि 'ईव्ह्ज्ड्रॉप' तर फार देखणा शब्द: वळचणीखाली, जिथे पागोळ्या पडतात तिथे, उभं राहून आतलं बोलणं ऐकणं. मराठीत पाळत, टेहळणी, हेरगिरी, कानोसा, देखरेख असे वेगवेगळे शब्द असताना सगळीकडे 'पाळत' ठोकून देणं बरं नाही.

वापराचं थोडक्यात: उच्चार 'सर्व्हेलन्स', जोर 'व्हे'वर. हे नाम मोजता येत नाही, त्यामुळे आधी 'अ' लावू नका, अनेकवचन करू नका. 'अंडर सर्व्हेलन्स' हा नेहमीचा प्रयोग. 'सर्व्हेल' हे क्रियापद नामावरून खूप नंतर पाडलंय. औपचारिक पत्रात 'कीप अंडर सर्व्हेलन्स' लिहिलेलं बरं.

तुमच्या फलकासाठी मी असं लिहीन: 'सर्व्हेलन्स ऑडिट (प्रमाणपत्राची वार्षिक तपासणी)'. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, आणि मधल्या काळात कामाची पद्धत टिकून आहे ना हे बघायला ऑडिटर वर्षातून एकदा तरी येतो, तारीख आधी कळवून येतो. खाली एक ओळ जरूर घाला, की तपासणी कामाच्या पद्धतीची आणि नोंदींची आहे, कुणा एका कामगाराची नाही. मागच्या ऑडिटमधल्या एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नोंदवलेल्या त्रुटी) बंद झाल्यात का हे ऑडिटर हमखास विचारतो, त्यामुळे मोल्डिंग आणि मेल्टिंगच्या मंडळींना ती यादी फलकाबरोबरच देऊन टाका.