कोल्हापूरच्या टीए पलटणीतला जवान नवी मुंबईला शिफ्ट झाला तर जवळच्या युनिटला बदली मिळते का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की कोल्हापूरच्या 109 बटालियनमध्ये टीएचे (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपली नोकरी सांभाळून करायची फौज) जवान आहात, आता महापेला नोकरी लागली म्हणून घणसोलीत खोली घेतलीय, तर जवळच्या युनिटला बदली करून घ्यावी का आणि कशी. मी पण मराठा लाइट इन्फंट्रीच्याच टीएमधला, नंबर सांगत नाही, आठ वर्षं ऐरोलीत राहतोय. बदलीचा अर्ज मी पण लिहिला होता, खिशात घालून वर्षाच्या ट्रेनिंग कॅम्पला नेला आणि तसाच परत आणला.

आधी हे बघा की जवळचं युनिट म्हणजे कुठलं. ठाणे-नवी मुंबईत तुम्हाला घेईल अशी इन्फंट्रीची (पायदळाची) टीए पलटण नाहीच. राहिली पुण्याची 101, ती आपल्याच रेजिमेंटची. देवळालीला 116 आहे पण ती पॅराची, तिथं घर बदललं म्हणून कोण घेत नाही, विमानातून उडी मारायची तयारी लागते. तेल कंपन्यांची टीए वेगळी, ती खात्याची, तिथं त्या खात्यात नोकरी पाहिजे. म्हणजे सगळा खटाटोप पुण्यासाठी. आणि आपला कॅम्प सलग दोन महिन्यांचा, वर्षातून एकदा जायचं आणि एकदा यायचं, त्यासाठी एक रात्र गाडीत काढली तर काय बिघडतं? शहरी युनिटचा एक प्रकार नियमात आहे, सुट्टीच्या दिवशी परेड आणि 4 तासांचा एक दिवस धरतात, आपलं तसं सारखं जायचं असतं तर मीच म्हटलं असतं की बदली घ्या.

बरं पलटण बोलावली गेली तर मग घर कुठं आणि पलटण कुठं याला अर्थच राहत नाही. मे 2025 मध्ये सरकारनं लष्करप्रमुखांना टीए बोलवायचे अधिकार दिले, 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन, मुदत 10 फेब्रुवारी 2025 ते 9 फेब्रुवारी 2028, आणि तैनाती पार अंदमान-निकोबारपर्यंत कुठंही. त्या आठवड्यात आमच्या आईचे दिवसाला चार फोन. धोनीचंच बघा ना, तो पण टीएतला, घर रांचीला, पलटण बंगळुरूची 106 पॅरा, आणि 2019 मध्ये ड्युटी केली काश्मीरमध्ये.

माझा अर्ज का राहिला ते सांगतो. हेड क्लार्कसाहेबांकडे गेलो, त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तिकडं तुझ्या रँकची जागा आहे का विचारलंस? आणि इथं पुढच्या वर्षी तुझा नंबर आहे नाईकच्या बढतीचा, तिकडं तुला कोण ओळखतं?" मी गप्प. अर्ज घडी करून खिशात.

तरीपण घरची काही अडचण असेल, आईवडील आजारी वगैरे, तर अर्ज सीओसाहेबांच्या (कमांडिंग ऑफिसर) नावे, आपल्या कंपनी कमांडरमार्फत, कारणाचा पुरावा जोडून. आपणच कागद घेऊन डायरेक्ट पुण्याला जाऊन उभं राहू नका, दोन्हीकडून बोलणी खाल.

आता बदलीपेक्षा महत्त्वाचं काम, पत्ता. ही चूक माझी स्वतःची. खोली बदलली, मोबाईल नंबर बदलला आणि युनिटला कळवलंच नाही, कॅम्पचं बोलावणं गेलं गावाला शिराळ्याकडं, चुलत्यांनी सरकारी पाकीट म्हणून नीट जपून देव्हाऱ्यामागं विम्याच्या कागदांत ठेवून दिलं. मला कळलं ते पलटणीतल्या मित्राचा फोन आला तेव्हा, "कुठायस रं, दोन दिवस झाले." पोचल्यावर सुभेदार मेजरसाहेबांनी काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तर खोलीचं ॲग्रीमेंट झालं की त्याच आठवड्यात नवा पत्ता, नंबर आणि नवीन नोकरीची माहिती लेखी कळवा, आणि पोचपावती घ्या.

दुसरं, नवीन मालक. माझ्या आधीच्या कंपनीतल्या एचआर बाईंना टीए म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं मी एनसीसीबद्दल बोलतोय, दोन महिने बिनपगारी रजा पण देईनात. टेरिटोरियल आर्मी ॲक्ट 1948, कलम 7A, लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत कामावर घ्यायची जबाबदारी मालकावर आहे, ते पान प्रिंट काढून नेलं तेव्हा कुठं आवाज खाली आला. तुम्ही जॉईन होतानाच सांगून टाका, कॅम्पच्या तोंडावर सांगितलं की माणसं बिथरतात.

आणि कोल्हापूरला जायला महालक्ष्मी एक्सप्रेस ठाण्याला थांबते, रात्री बसलं की सकाळी कोल्हापूर. फक्त काळी पेटी घेऊन संध्याकाळी सातच्या ठाण्याकडच्या ट्रान्सहार्बर लोकलला चढू नका. मी चढलो होतो. ठाण्यापर्यंत एक मावशी माझ्या पेटीवरच बसून आल्या आणि उतरताना मलाच म्हणाल्या, "एवढं सामान घेऊन गर्दीच्या वेळी कशाला येता हो?" त्यापेक्षा दुपारीच निघा, नाहीतर रिक्षा करा.