खरवडलेली लेबले

“खोटे बोलले, पण तिच्या भल्यासाठीच, माझे चुकले का?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की त्यातील एक हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, सांगावीशी वाटते.

आईला कर्करोग झाल्याचे मुलीने दोन महिने दडवून ठेवले होते. ‘साधी गाठ आहे’ असे आईला सांगितलेले होते आणि औषधाच्या बाटल्यांवरची लेबले ती घरात शिरण्यापूर्वीच नखांनी खरवडून काढत असे. सुरुवातीच्या भेटींत तिला माझा केवळ होकार हवा होता; तो न देता ऐकत राहणे मला सोपे गेले नाही.

चौथ्या भेटीत ती म्हणाली, “आता आई रिपोर्टबद्दल विचारतसुद्धा नाही. जरा सुटल्यासारखं वाटतं.”

“विचारणं केव्हापासून थांबलं?”

ती बराच वेळ स्वतःच्या नखांकडे पाहत राहिली. “एकदा तिने बाटली हातात घेतली, चिकट डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘किती खरवडतेस गं, नखं दुखतील तुझी.’” एवढे बोलून तिला रडू कोसळले. आईला कळले होते, आणि मुलीच्या भल्यासाठी तीही लपवत होती.

मित्राच्या मागावर असलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये, अशी टोकाची भूमिका कांट या तत्त्वज्ञाने १७९७च्या एका निबंधात घेतली. मला ती पटत नाही. परंतु मारेकऱ्याशी खोटे बोलण्याची सूट अंथरुणावरच्या आईला लावणे त्याहूनही कमी पटते, कारण तिच्या शरीराविषयीच्या सत्यावर पहिला हक्क तिचाच असतो. म्हणून सांगावे की लपवावे, यापेक्षा किती ऐकायचे हे कोणी ठरवायचे, असा प्रश्न मी पुढे ठेवतो. ‘मला काही सांगू नका’ असे आईनेच म्हटले, तर गप्प राहण्यात तिचा मान राखला जातो; तिला न विचारताच ‘साधी गाठ’ म्हणणे म्हणजे तिचे उरलेले दिवस परस्पर ठरवून टाकणे होय. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जाणारा माझ्यासारखा समुपदेशक तयार उत्तरे देण्याचे टाळतो, पण एवढे मी तिला स्पष्ट सांगितले.

पुढच्या आठवड्यात तिने आईला विचारले, “तुला किती जाणून घ्यायचंय?”

“किती दिवस आहेत, ते नको सांगूस. शेवटपर्यंत घरी राहता येईल का, तेवढं सांग.”

येईल, असे डॉक्टरांनी मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले होते.