'शिंजू'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका (2016-17) पाहिली. 'शिंजू'चा अर्थ सगळीकडे 'दुहेरी आत्महत्या' असा दिलेला दिसतो. त्याऐवजी 'सहगमन' म्हटलं तर चालेल का?

'सहगमन' अजिबात नको. तो शब्द आपल्याकडे नवऱ्यामागे चितेवर जाण्यासाठी राखीव झालेला आहे. 1772 साली थेऊरला माधवराव पेशव्यांमागे रमाबाई गेल्या, ते सहगमन. तिथे एक जण आधीच गेलेला असतो. शिंजूत दोघंही जिवंत असतात आणि बहुतेकदा या जन्मी संसार होणार नाही म्हणून मरायला निघतात. ओसाकात 1703 साली सोया सॉसच्या दुकानातला नोकर तोकुबेई आणि वेश्यावस्तीतली ओहात्सु यांनी असा जीव दिला. त्यावर चिकामात्सु या नाटककाराने लिहिलेलं बाहुल्यांचं नाटक महिन्याभरात रंगमंचावर आलं आणि तुफान चाललं. पुढे अशा नाटकांचं आणि अशा मरणांचंही लोण इतकं पसरलं, की 1720 च्या दशकात सरकारने ही नाटकं बंद केली. 'शिंजू' हा शब्दसुद्धा नको, 'आइताइजिनी' म्हणा, असं ठरलं. म्हणजे नुसतं 'एकमेकांसह मरणं'.

शब्दावर एवढा राग का, हे त्याच्या दोन चित्राक्षरांत दिसतं. पहिलं 'मन', दुसरं 'आत'. हीच अक्षरं 'शिंचू' अशी वाचली तर अर्थ होतो 'मनात'. 'शिंजू' म्हणजे मुळात मनातली निष्ठा सिद्ध करून दाखवणं: केस कापून देणं, शपथ लिहून देणं, नख उपटून देणं. जीव देणं हा त्यातला शेवटचा पुरावा. आणि 'आत' वर, 'मन' खाली असं एकत्र लिहिलं की स्वामिनिष्ठेचं अक्षर तयार होतं. प्रेमिकांच्या मरणाला स्वामिनिष्ठेची झळाळी मिळू नये म्हणून शब्द बदलला, असं सांगतात. 'आत्महत्या' या आपल्या शब्दात यातलं काहीच येत नाही. साध्या वाक्यात मी सरळ 'दोघांनी जोडीने जीव दिला' असं लिहीन.

मालिकेच्या नावात मात्र जोडी माणसांची नाही. राकुगो म्हणजे एकाच कलाकाराने चौकोनी गादीवर गुडघे मोडून बसून, हातात पंखा आणि पंचा एवढंच घेऊन, मान डावी-उजवीकडे वळवत सगळी पात्रं उभी करायची. मालिकेतला बुजुर्ग राकुगो कलावंत याकुमो सुरुवातीला शिष्य घ्यायला तयार नसतो. ही कला माझ्याबरोबरच जाऊ दे, ही त्याची इच्छा. जपानीत माणसाशीच नाही, एखाद्या गोष्टीशीही 'शिंजू' करतात. बुडत्या कंपनीला चिकटून राहणाऱ्याबद्दलही असं बोलतात. इथे आपला 'घेऊन बुडणं' हा प्रयोग मला फार जवळचा वाटतो. 'राकुगोला घेऊन बुडणारा' म्हटलं की याकुमोचा हट्ट येतो, त्या कलेवरचा हक्कही येतो. प्रेम तेवढं निसटतं, ते वाक्यात दुसरीकडे आणावं लागेल.

राकुगोत हा शब्द हसवतोही. 'शिनागावा शिंजू' या जुन्या कथेत ओसोमे ही उतरती कळा लागलेली वेश्या पैशाअभावी मरायचं ठरवते. एकटीने मरण्यापेक्षा जोडीने मेलं तर नाव होईल, म्हणून पुस्तकं भाड्याने देणाऱ्या भोळ्या किंझोला निवडते. धक्क्यावरून त्याला समुद्रात ढकलते, आणि स्वतः उडी मारणार तोच पैसे आल्याची खबर येते. ती परत फिरते. किंझो पाण्यात हातपाय मारतो, मग उभा राहतो, तर पाणी उथळ! या कथेच्या नावाला 'घेऊन बुडणं' लावता येणार नाही. तिथे 'शिंजू' तसाच ठेवून पुढे एका ओळीत अर्थ सांगावा.

लिहिताना 'जू' दीर्घच हवा. ऱ्हस्व 'शिंजु' म्हणजे जपानीत मोती.