कोल्हापुरात आहे, जुना रास्पबेरी पाय १ मॉडेल बी (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) मिळालाय. सुरुवात कशी करू?
भावा, ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टमच्या वाटेला जाऊ नको, या बोर्डावर ३२-बिटच चालतं. रास्पबेरी पाय इमेजरमधून (कार्डावर सिस्टम लिहायचं ॲप) ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस ‘लाइट’, म्हणजे डेस्कटॉप नसलेली सिस्टम, एसडी कार्डावर लिही. युजर, पासवर्ड तिथेच भर, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायची सोय) पण तिथेच चालू कर. २०२२ पासून सिस्टममध्ये आधीच ठरलेलं लॉगिन येत नाही. डेस्कटॉपचा नाद सोड. स्लॉट मोठ्या एसडीचा आहे, ८ जीबीचं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून चालेल. वायफाय नाही, लॅन केबल लाव.

खरा घोळ पॉवरचा. ५ व्होल्ट, किमान १ अँपिअरचा चार्जर पाहिजे. राजारामपुरीत ढिगानं मिळतील, पण बारीक तारेची केबल घेऊ नको: तारेतच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड मध्येच रीस्टार्ट होतो. नुसता लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकलाच नाही, तर कार्ड वाचलं जात नाहीये. पुन्हा लिही, नाहीतर बदल.