गोष्ट संपली की लगेच प्रश्न विचारू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. शाळेला पुस्तकांसाठी पैसे मिळालेत आणि तुला यादी हवीय, अशी पुस्तकं जी वाचून मुलं बोलती होतील, स्वतःचं काही लिहायला लागतील. यादी काय, फोनवर पण सांगता आली असती, पत्र लिहायला बसले ते तुझ्या एका वाक्यामुळे. तू लिहिलंयस की मुलं पुस्तकं हातात घेतात, चित्रं बघतात, आपसात हसतात पण, पण काही विचारलं की एकदम गप्प होतात. मला त्याच्यावरच बोलायचंय, कारण ते का गप्प होतात हे लक्षात आलं नाही तर कितीही भारी पुस्तकं आणलीस तरी मुलं गप्पच राहणार.

मुलं गप्प होतात कारण त्यांना माहितीये की उत्तर आपल्याकडे आधीच तयार आहे. गोष्ट संपली रे संपली की आपण सुरू करतो, सांगा बरं यावरून आपण काय शिकलो, कोल्हा कसा होता, लबाड, बरोब्बर, म्हणजे आपण कसं वागायचं नाही. आता एखाद्या पोराला त्या कोल्ह्याची दया आलेली असते, बिचारा उपाशी होता असं त्याला वाटलेलं असतं, पण मॅडमना 'लबाड' हवंय हे त्याला कळतं आणि त्याचं जे स्वतःचं होतं ते तोंडातच राहतं. असं वर्षभर झालं की ते मूल स्वतःला काय वाटलं हे बघायचंच सोडून देतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, पहिला महिनाभर गोष्ट वाचून झाल्यावर काहीही विचारू नकोस. वाच, पुस्तक मिट, आणि बस. अवघड जाईल तुला, डीएडला आपल्याला प्रश्न विचारायलाच शिकवलेलं असतं. पण थांब. एखादं पोरगं म्हणेल आमच्याकडे पण असाच बोका आहे, त्याने परवा दूध सांडलं. तो विषय सोडून बोलतोय असं समजू नकोस, त्या गोष्टीवरचं त्याचं बोलणं तेच आहे. त्याला विचार, मग काय झालं? आणि ऐक. दुसरं मूल आपोआप बोलतं.

गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका, त्यांचं 'दिवास्वप्न' मिळालं तर नक्की वाच, मराठीत आहे, छोटंसंच आहे. त्यातला शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात नुसता गोंधळ होतो, मग तो सरळ गोष्ट सांगायला लागतो आणि मुलं त्याची होतात. आणि गोष्टीतून तो वाचनाकडे, भाषेकडे, नाटकाकडे सगळीकडे जातो. जवळजवळ शंभर वर्षं होत आली त्या पुस्तकाला आणि आपण अजून तात्पर्य विचारतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता चित्रांचं. तुझ्या पहिली-दुसरीच्या मुलांना अजून नीट वाचता येत नाही म्हणून त्यांना पुस्तक द्यायचं नाही असं तिथे कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नकोस. चित्र बघणं हे वाचणंच आहे. माधुरी पुरंदरेंचं 'चित्रवाचन' नावाचं पुस्तकच आहे, ज्योत्स्ना प्रकाशनाचं, ते घे. त्यांची बाकीची पुस्तकं पण घे, 'राधाचं घर' लहानांना फार आवडतं, त्यात लिहिणाऱ्याचा आणि चित्र काढणाऱ्याचा हात एकच असल्यामुळे शब्दात आलेलं चित्रात परत सांगितलेलं नसतं, चित्र स्वतःचं वेगळं काहीतरी सांगत असतं. तर करायचं काय, पुस्तक उघडायच्या आधी नुसतं मुखपृष्ठ समोर धर. "हे काय आहे?" असं विचारू नकोस, त्याला उत्तर एकच असतं. "काय काय दिसतंय?" विचार, त्याला चाळीस उत्तरं असतात. आणि विचारल्यावर खरंच वाट बघ, आपण दोन सेकंद पण थांबत नाही आणि स्वतःच सांगून टाकतो. मागे बसणारी मुलं वेळ घेतात, त्यांच्यासाठी थांबायचं असतं.

यानंतर जे लिहितेय ते माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुझी शाळा साक्री तालुक्यात, मुलं घरी अहिराणी बोलतात, आणि शाळेच्या दारातून आत आली की त्यांना ती बाहेर ठेवून यावी लागते. एखादी पहिलीतली पोर म्हणाली "मनी माय कांदा निंदाले जास" आणि आपण लगेच म्हणालो की असं नाही, 'माझी आई जाते' असं म्हण, तर आपण भाषा दुरुस्त केली असं आपल्याला वाटतं, पण तिला काय कळलं? की मी जे बोलले ते चूक होतं. उद्या ती बोलणार नाही. त्यापेक्षा ती जे बोलली ते जसंच्या तसं मोठ्या अक्षरात फळ्यावर लिही. तिच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता. मग ते तिला वाचून दाखव, तिला बोट फिरवू दे. ज्या मुलाला 'कमळ बघ' वाचताना त्रास होतो ते स्वतःचं वाक्य दुसऱ्या दिवशी घडाघडा वाचतं, कारण ते त्याचंच असतं, पुढचा शब्द काय येणार हे त्याला आतून माहिती असतं. प्रमाण मराठी येईल, नक्की येईल, रोज तू बोलतेस, पुस्तकं बोलतात, ती कानावरून जातेच. पण आधी मुलाला असं वाटायला हवं की मी बोललेलं लिहिता येतं, त्याचं पुस्तक होऊ शकतं.

आणि पुस्तक होऊ शकतं म्हणजे खरंच होऊ शकतं, त्यासाठी छापखाना लागत नाही. एक कोरा ए फोर कागद घे, दुमडून त्याचे आठ समान चौकोन पाड आणि उघड. मग रुंदीच्या दिशेने मधोमध दुमड, आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेषेवर पहिल्या आडव्या घडीपर्यंत काप. पूर्ण उघडलास की मधे चीर दिसेल. आता लांबीच्या दिशेने दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकल, मधलं फुलेल, आणि पानं एका बाजूला वळवलीस की आठ पानांचं छोटंसं पुस्तक तयार. ना स्टेपलर ना डिंक. एकदा करून दाखव, दुसऱ्या वेळेला चौथीची मुलं पहिलीच्या मुलांना शिकवतील. पहिल्या पानावर नाव, खाली लेखक म्हणून स्वतःचं नाव, हे नाव लिहायला मुलांना जो आनंद होतो तो बघच. आत चित्र असेल, एखादा शब्द असेल, कधी नुसत्या रेघोट्या असतील. रेघोट्या काय आहेत ते त्यालाच सांगायला लाव, आणि त्याने हो म्हटलं तरच खाली लिही, कारण पुस्तक त्याचं आहे. ही पुस्तकं विकत आणलेल्या पुस्तकांच्या शेजारी, त्याच फळीवर ठेव. वेगळ्या कोपऱ्यात 'मुलांच्या कलाकृती' अशी पाटी लावून ठेवू नकोस.

निबंधाबद्दल पण बोलते. 'माझी आई' म्हटलं की चाळीस वह्यांत एकच आई असते, प्रेमळ, सकाळी लवकर उठणारी, स्वयंपाक चविष्ट करणारी. बाजारात निबंधाची पुस्तकं मिळतात, त्यातून ती आई येते. ज्या पोराची आई ऊसतोडीला गेलीय आणि तो आजीकडे राहतोय तो पण हेच लिहितो, कारण त्याला वाटतं शाळेत अशीच आई लिहायची असते. मोठा विषय दिला की मुलं उसन्या वाक्यांकडे पळतात. छोटा प्रश्न दे. काल रात्री तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण झोपलं आणि का? एवढंच. दोन ओळी येतील पण त्या त्या घरच्या असतील, कुठल्या पुस्तकातून उतरवता येणार नाहीत. आणि त्या दोन ओळींवर लाल पेन फिरवू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असेल, 'ण' च्या जागी 'न' असेल, असू दे, त्याचा वेगळा तास घे आणि फळ्यावर घे. मुलाने मनातलं लिहिलंय त्या पानावर आधी तू वाचलंस याची खूण दिसू दे, एखादा खराखुरा प्रश्न लिही, मग आजी काय म्हणाली? त्याच्या उत्तरासाठी मूल परत लिहितं.

मी गोष्टींबद्दलच बोलतेय पण सगळ्या मुलांना गोष्टी आवडतातच असं नाही. काहींना हाताने काही करायचं असतं. त्यांच्यासाठी अरविंद गुप्तांची पुस्तकं. आयआयटी कानपूरला शिकलेला इंजिनियर माणूस, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं मुलांबरोबर काम केलं, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीपासून त्रिकोण चौकोन घनाकृती, जुन्या वस्तूंपासून पंप, भिरभिरी, मोटार. त्यांच्या वेबसाईटवर मराठीतली पण खूप पुस्तकं फुकट आहेत, डाऊनलोड करून ठेव. मी पाहिलंय की गोष्टीच्या पुस्तकाला हात न लावणारं पोरगं खेळण्याची कृती अक्षर अक्षर लावत वाचतं, कारण त्याला ते बनवायचंच असतं, आणि नंतर ते सगळ्यांना समजावून सांगतं. तेही व्यक्त होणंच आहे गं, नुसती कविता लिहिली म्हणजेच व्यक्त झालं असं काही नाही.

कवितेवरून आठवलं, विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने वाच, 'राणीची बाग' वगैरे. ज्ञानपीठ मिळालेला कवी मुलांसाठी किती मोकळं, उलटंपालटं, गंमतशीर लिहितो बघ, त्यात उपदेश नसतोच, आणि ऐकल्यावर मुलं लगेच आपले यमक जोडायला लागतात. ते निरर्थक असले तरी चालतील, असू देत, हसू दे सगळ्यांना. चौथीतली नीट वाचणारी जी दोन-तीन मुलं असतील त्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दे, ती परत मागतील.

खरेदीचं थोडक्यात सांगते. शाळेत येऊन गठ्ठ्याने स्वस्तात पुस्तकं विकणारे येतील, शंभर पुस्तकांचा संच वगैरे. घाई करू नकोस. एखादं पुस्तक उघडून मजकुरावर हात ठेव आणि नुसतं चित्र बघ, काही सांगतंय का. मग एक पान मोठ्याने वाच, जिभेला अडखळलं तर मुलांना पण अडखळणार. शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य असेल किंवा चित्रकाराचं नावच कुठे नसेल तर मी तरी ते घेत नाही, जिथे चित्रकाराचं नाव छापायची गरज वाटली नाही तिथे चित्रांचा विचार झालेला नसतो. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त असतात आणि चांगली असतात. प्रथम बुक्सची पण. त्यांची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाईट 2015 मध्ये सुरू झाली, तिथे मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चार पातळ्यांमध्ये लावलेल्या, फुकट वाचता येतात, छापता येतात, आणि लेखक-चित्रकाराचं नाव देऊन दुसऱ्या भाषेत सुद्धा करता येतात. म्हणजे तू आणि चौथीची मुलं बसून एखाद्या गोष्टीचं अहिराणी करू शकता, परवानगी मागत बसायला नको. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाईन आहेत, ते तू स्वतः चाळ, तुला स्वतःला वाचायला पण छान आहेत. आणि सगळे पैसे पुस्तकांवर घालवू नकोस, कागद आणि जाड शिसाच्या पेन्सिली यांना बाजूला काढ, पाठकोरे कागद तर ग्रामपंचायतीतून, झेरॉक्सच्या दुकानातून मागून आण.

कपाटाचा प्रश्न येणार, हेडमास्तर म्हणतील पुस्तकं कुलपातच ठेवा. त्यांची भीती खरी असते, पुस्तकं डेड स्टॉक रजिस्टरला चढतात आणि हरवली तर चार्ज देताना त्यांच्या गळ्यात येतं. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना सांग की देवघेवीची वही मी ठेवते, फाटलेल्या पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे ती रजिस्टरमधून कमी करायचा ठराव आपण व्यवस्थापन समितीत घेऊ, तशी पद्धत आहेच. मग पुस्तकं कपाटाबाहेर, मुलांच्या हाताच्या उंचीवर, दोरी बांधून त्यावर टांगलीस तरी चालेल, फक्त मुखपृष्ठ दिसलं पाहिजे, नुसती कड दिसली तर न वाचता येणारं मूल निवडणार कशावरून? देवघेवीच्या वहीत नोंदी मुलांनाच करू दे. फाटलेलं पुस्तक चिकटवायचं काम पण त्यांचंच. फाटलं म्हणून ओरडू नकोस, ओरडलीस की ते मूल परत पुस्तक नेणार नाही.

मेमध्ये काय करायचं ते आत्ताच ठरव. सुट्टीत पुस्तकं कपाटात गेली की जूनमध्ये मुलं परत मागे गेलेली असतात. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला, मग कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करत होत्या तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. तुला तेवढं सगळं करायचं नाहीये. गावात ज्यांच्या ओट्यावर मुलं जमतात अशी दोन-तीन घरं बघ, प्रत्येक घरी वीस-पंचवीस पुस्तकं एका पिशवीत, मुलांनी बनवलेली पुस्तकं पण त्यातच, एक वही, आणि चौथीची एक पोर जबाबदार. दर आठवड्याला पिशव्या बदलायच्या, एकीकडची दुसरीकडे. ज्या घरी ठेवणार आहेस त्या आजीला आधी विचार, आणि तिला पण एक गोष्ट वाचून दाखव.

तुझी,
ताई