बेळगावसारख्या शहराने परराज्यातल्या कामगारांसाठी काय करावं?

तुमचा प्रश्न असा की महापौरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचा स्थलांतराच्या कामात उपयोग होतो का, आणि आपल्या मध्यम शहरांना त्यातून काय मिळणार. उपयोग होतो. २०१८ साली मोरोक्कोत मराकेशला स्थलांतराचा जागतिक करार झाला, तेव्हाच महापौरांनी मेयर्स मायग्रेशन कौन्सिल काढली. पुढं फ्रीटाऊन, लिमा, बैरूत अशा शहरांना थेट निधी मिळाला. पण आमच्याकडं महापौराची मुदतच एक वर्षाची, एवढ्यात असलं काम उभं राहत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं फेटलिंगचं छोटं युनिट आहे. कास्टिंग घासायला इथला पोरगा येत नाही, ओडिशा-बिहारचे येतात. त्यातला एकजण बायको-पोरं घेऊन आला. गावचं रेशनकार्ड आधारला जोडलेलं, म्हणजे देशात कुठंही चालणारं. तरी दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणून परत पाठवत राहिला. शेवटी मीच बरोबर गेलो. म्हटलं, मशीनवर नंबर टाका, अंगठा घ्या, नाही लागला तर जातो आम्ही. अंगठा लागला. माणशी पाच किलो धान्य, फुकट, तिथल्या तिथं. वर दुकानदार मलाच म्हणतो, "शेट, तुम्ही कशाला यांच्या नादाला लागता?" अजून डोकं तापतं. मालक सोबत नसेल त्यानं कुणाला घेऊन जायचं? प्रत्येक वॉर्ड ऑफिसात हिंदी बोलणारा, यांच्यासोबत दुकानापर्यंत जाणारा एक माणूस बसवा, एवढंच माझं मागणं आहे.

आमचे बंधू अण्णा म्हणतात, हे चार दिवसांचे लोक, यांच्यावर आपला कर कशाला? अण्णा, आपले वडील खानापुरातून मुंबईच्या गिरणीत गेले ते गाववाल्यांच्या खोलीवर राहिले, आणि १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हातानं परत आले. इतकी वर्षं राबले, पण मुंबईच्या कुठल्या कचेरीत त्यांची साधी नोंद नव्हती. तेही चार दिवसांचेच होते का?

रेशन अन्न खात्याचं आणि मजुरांची नोंद कामगार खात्याची, दोन्ही राज्याकडं, हे खरं. बाहेरच्या कार्डावर फक्त केंद्राचा वाटा मिळतो, हेही खरं. पण दुकानापर्यंत सोबत जायला कुठला कायदा आडवा येतो?

आणि शहरांचं जाळंच विणायचं तर कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, पणजी यांचं आधी विणा. बीडचे ऊसतोड कामगार अथणी-चिकोडीला येतात, खानापूरची पोरं गोव्याला जातात. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. या चार महापालिकांनी एकमेकींना फोन करायला त्याच्या निकालाची गरज नाही.